लिनक्सची पाथ उलगडणारी यंत्रणा: वेगात पैकीच्या पैकी, त्रुटीसंदेशांत काठावर पास

कोणतीही फाइल उघडायची म्हटली की तिचे नाव आणि ठावठिकाणा सांगणारी एक ओळ, म्हणजे पाथ, आपण ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतो आणि तिने नेमकी तीच फाइल समोर आणून ठेवावी अशी अपेक्षा धरतो. लिनक्समध्ये हे काम कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, जो भाग करतो, त्याचे हे परीक्षण आहे. हा भाग वेगळा बसवावा लागत नाही, वेगळा काढूनही टाकता येत नाही आणि त्याच्याऐवजी दुसरा घेण्याची सोय नाही. तरीही त्याचे परीक्षण एखाद्या उत्पादनासारखेच व्हायला हवे, कारण प्रत्येक प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याच्या दारात असंख्य वेळा जातो आणि त्याच्या उणिवांची किंमत शेवटी वापरणारेच मोजतात. माझे मत सुरुवातीलाच नोंदवून ठेवणे बरे: दिलेल्या पाथवरून चालत जाण्याच्या कामात ही यंत्रणा अव्वल आहे, परंतु ‘या पाथचा अर्थ मला अमुक मर्यादेतच हवा आहे’ असे तिला सांगण्याची सोय फार उशिरा, म्हणजे 2020 मध्ये आली, आणि काम फसले तर नेमके कुठे फसले हे सांगण्याची सोय आजही नाही.

काम कसे चालते ते एका उदाहरणावरून पाहू. ‘/कामे/चालू/अहवाल’ असा पाथ दिला, तर कर्नल आधी पहिले अक्षर पाहते. तिथे तिरपी रेघ असल्यास शोध प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या, मूळ डिरेक्टरीपासून सुरू होतो, नसल्यास प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीपासून. मूळ डिरेक्टरी ‘प्रोसेसची’ असते हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आलेल्या सीएचरूट या कॉलपासून (कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला केलेली विनंती) प्रत्येक प्रोसेसला वेगळे मूळ दाखवता येते. मग ‘कामे’ हा पहिला घटक घेतला जातो. आपण ज्या डिरेक्टरीत आहोत तिच्यात शोधण्याची परवानगी आहे का, हे तपासले जाते. ही परवानगी म्हणजे यादी वाचण्याची नव्हे, तर एक्झिक्यूट बिटची परवानगी, आणि या दोन्ही स्वतंत्र असल्यामुळे आतल्या फाइलचे नाव ठाऊक असेल तर ती उघडता येते पण आत काय काय आहे ते पाहता येत नाही, अशी डिरेक्टरी खुशाल तयार करता येते. परवानगी मिळाली की नावावरून इनोड, म्हणजे फाइलची मूळ नोंद, शोधला जातो, त्या जागी दुसरी फाइलसिस्टीम माउंट केलेली, म्हणजे जोडलेली, असेल तर तिच्या मुळाशी उडी मारली जाते, सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पाथकडे बोट दाखवणारी फाइल, असेल तर तिच्यातला मजकूर उरलेल्या पाथच्या पुढे जोडून चालणे सुरू राहते, आणि मग ‘चालू’ची पाळी येते.

शेवटच्या घटकाला मात्र वेगळी वागणूक मिळते, आणि ती योग्यच आहे. फाइल उघडायची असेल तर शेवटचा घटकही शोधावा लागतो. पण नवी फाइल तयार करणे, पुसणे किंवा तिचे नाव बदलणे या कामांना खरे तर त्या घटकाची आई-डिरेक्टरी आणि एक नाव एवढेच हवे असते. म्हणूनच एखादी फाइल पुसण्यासाठी तिच्यावर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लागते. नवशिक्यांना ही गोष्ट हमखास चक्रावून टाकते, परंतु यंत्रणेच्या आतून पाहिले तर दुसरे काही संभवतच नाही, कारण पुसले जाते ते नाव, आणि नाव डिरेक्टरीत राहते.

माउंटच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे. माउंटची यादी आता संपूर्ण संगणकाची एकच नसते. ती नेमस्पेसगणिक, म्हणजे प्रोसेसच्या एकेका गटाला दिलेल्या स्वतंत्र दृश्यागणिक, वेगळी असू शकते. त्यामुळे एकाच यंत्रावर, एकाच क्षणी, एकच पाथ दोन कंटेनरांमधून (प्रोग्रॅमांना एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यांमधून) दिला तर तो दोन निरनिराळ्या फाइलींकडे जाऊ शकतो, आणि दोन्ही उत्तरे बरोबर असतात. कंटेनरांचे आजचे सगळे जग ज्या पायावर उभे आहे, त्यातला हा एक मोठा चिरा आहे, आणि तो इतका निमूटपणे काम करतो की त्याच्याविषयी कुणी बोलतही नाही.

आता वेगाविषयी. वर वर्णिलेली पायरी-पायरीची चाल प्रत्येक घटकासाठी डिस्कवर जाऊन करायची म्हटली असती, तर संगणक वापरणे अशक्य झाले असते. लिनक्स प्रत्येक शोधाचा निकाल डेंट्री नावाच्या छोट्या नोंदीत मेमरीमध्ये ठेवते, आणि आई-डिरेक्टरी व नाव या जोडीवरून हॅश, म्हणजे शोधायला सोपा असा एक आकडा, काढून ती नोंद पुन्हा शोधते. हॅश काढण्याचे कामही हातघाईचे आहे: 2012 पासून, जिथे प्रोसेसर साथ देतो तिथे, नावातली अक्षरे एकेक न घेता आठ-आठ बाइट एकदम उचलले जातात आणि त्याच फेरीत पुढची तिरपी रेघ कुठे आहे हेही शोधून घेतले जाते.

पण खरी कमाल 2011 मध्ये आलेल्या 2.6.38 या आवृत्तीने केली. त्याआधी चालताना वाटेतली प्रत्येक डेंट्री ‘वापरात आहे’ अशी खूण करावी लागे, म्हणजेच तिच्यातला एक आकडा वाढवावा आणि नंतर घटवावा लागे. एकाच प्रोसेसरवर याचे काही वाटत नाही. परंतु अनेक कोअर एकाच वेळी मूळ डिरेक्टरीतून चालू लागले की सगळे त्या एका आकड्यावर लिहायला झोंबतात आणि कॅशमधली (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीतली) तीच ओळ कोअरांमध्ये इकडून तिकडे फिरत राहते. निक पिगिन यांच्या कामातून आलेल्या आरसीयू-वॉक पद्धतीत वाटेवर काहीही लिहिले जात नाही. प्रत्येक डेंट्रीसोबत एक क्रमांक असतो, तो वाचून पुढे जायचे आणि पुढच्या पायरीवर पाऊल टाकल्यावर मागचा क्रमांक बदललेला नाही ना एवढेच पाहायचे. मध्येच कुणी नाव बदलले, किंवा हवी ती नोंद मेमरीत नसल्याने डिस्कवर जाणे भाग पडले, तर शक्य असल्यास तिथूनच आणि नसल्यास अगदी पहिल्यापासून, जुन्या सावध पद्धतीने चाल पुन्हा केली जाते. नेटवर्कवरच्या फाइलसिस्टीमने ‘ही नोंद शिळी आहे’ असे कळवले तर तिसरी फेरीही होते, आणि तीत प्रत्येक नोंद सर्व्हरकडून नव्याने पडताळून घेतली जाते. वापरणाऱ्याला या तिन्ही फेऱ्यांचा पत्ताही लागत नाही. चांगल्या सेवेचे याहून वेगळे लक्षण कोणते सांगावे?

‘नाही’ हे उत्तरही जपून ठेवले जाते. जी फाइल शोधली आणि सापडली नाही तिची नकारात्मक डेंट्री तयार होते, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कला विचारण्याची गरज उरत नाही. कमांडचे नाव टाइप केल्यावर शेल (कमांडी घेऊन चालवणारा प्रोग्रॅम) एकामागून एक डिरेक्टऱ्यांमध्ये ती शोधतो, कंपायलर एक हेडर फाइल दहा ठिकाणी धुंडाळतो. अशा वेळी या नकारांचा उपयोग फार होतो. त्याची दुसरी बाजू अशी की अस्तित्वात नसलेली, दर वेळी नवी अशी नावे सतत विचारणारा एखादा प्रोग्रॅम या नोंदींचा डोंगर रचू शकतो. मेमरीची चणचण भासली की कर्नल त्या टाकून देते हे खरे, पण तोवर त्या किती साचल्या आहेत हे पाहण्याची साधी सोय 5.0 या आवृत्तीपर्यंत नव्हती. आता ‘/प्रॉक/सिस/एफएस/डेंट्री-स्टेट’ या फाइलमधला पाचवा आकडा ती संख्या दाखवतो.

येथवर सगळे कौतुक झाले. तक्रारींचा आरंभ नावांपासून होतो. लिनक्सच्या लेखी फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ. तिच्यात तिरपी रेघ आणि शून्य बाइट हे दोनच निषिद्ध. बाकी रिकामी जागा, नवी ओळ, अर्धवट तुटलेले अक्षर, काहीही चालते. नियम इतका सोपा असण्याचे फायदे उघड आहेत, परंतु देवनागरीत नावे देणाऱ्याला त्याची झळ दोन ठिकाणी बसते.

पहिली झळ लांबीची. ईएक्सटी4 आणि लिनक्सच्या इतर बहुतेक प्रचलित फाइलसिस्टीमींवर नावाची कमाल मर्यादा 255 बाइट आहे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. म्हणजे मर्यादा 85 चिन्हांवर येते, आणि ‘क्ष’ हे डोळ्यांना एक दिसणारे अक्षर क, हलन्त आणि ष मिळून 9 बाइट खाऊन बसते. विंडोजच्या एनटीएफएसवर हीच मर्यादा 255 यूटीएफ-16 एककांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे एकच एकक घेते. त्यामुळे विंडोजवर सुखाने नांदणारे शंभर चिन्हांचे मराठी नाव लिनक्सवर कॉपी करायला गेलो की ‘नाव फार लांब आहे’ असा नकार मिळतो, तर इंग्रजी नावाचा तितक्याच लांबीचा शेजारी बिनबोभाट उतरतो. बॅकअप घेताना हे लक्षात आले तर ठीक, नाहीतर ती फाइल बॅकअपमधून गळालेली असते.

दुसरी झळ अधिक सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पहिल्या पद्धतीत शब्द 15 बाइटांचा होतो, दुसऱ्या पद्धतीत 18 बाइटांचा. शिवाय र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसरा मार्गही आहे, आणि त्यानेही पडद्यावर तोच आडव्या रफाराचा ‘दऱ्या’ उमटतो. ईएक्सटी4 च्या साध्या डिरेक्टरीत ही तिन्ही नावे शेजारी शेजारी राहू शकतात. यादी काढली तर एकच नाव तीनदा दिसते. आपल्या कीबोर्डवरून नाव टाइप केले तर तिघांपैकी एकच फाइल उघडते, आणि ती कोणती हे कीबोर्ड ठरवतो. मॅकची एपीएफएस फाइलसिस्टीम पहिल्या दोन रूपांना एकच मानते, कारण युनिकोडच्या नियमाने ती समतुल्य आहेत. तिसरे रूप त्या नियमाने वेगळेच ठरते, त्यामुळे तिथेही पेच पूर्ण सुटत नाही. लिनक्समध्ये 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून ईएक्सटी4 वर डिरेक्टरीगणिक केसफोल्ड (लहान-मोठ्या लिपीतला फरक न मानणारा) हा गुणधर्म लावता येतो, आणि त्यात समतुल्य रूपे एक धरली जातात. पण फाइलसिस्टीमवर ती सोय आधी चालू केलेली असावी लागते आणि गुणधर्म लावताना डिरेक्टरी रिकामी असावी लागते. ज्याच्याकडे आधीच हजारो फाइली आहेत, त्याच्या दृष्टीने ही सोय वरातीमागून आलेले घोडे आहे. अर्थात, कर्नलने भाषेच्या भानगडीत पडूच नये हा पक्षही मला सर्वस्वी चुकीचा वाटत नाही: युनिकोडचे तक्ते बदलत राहतात, आणि काल सापडणारी फाइल आज तक्ता बदलल्यामुळे सापडेनाशी झाली तर तो उपाय रोगापेक्षा भयंकर ठरेल.

लांबीच्या इतर मर्यादा थोडक्यात. एका कॉलमध्ये देता येणारा पाथ शेवटचा शून्य बाइट धरून 4096 बाइटांचा, आणि एका शोधात ओलांडता येणाऱ्या सिमलिंका 40. पूर्वी एकात एक गुंतलेल्या सिमलिंकांना 8 ची वेगळी मर्यादा होती, कारण कर्नलचा तो भाग स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत असे आणि कर्नलचा स्टॅक (अशा अर्धवट कामांची नोंद ठेवणारी मेमरी) तोकडा असतो. 2015 च्या 4.2 आवृत्तीत अल व्हिरो यांनी तो भाग नव्याने लिहिल्यावर ती अट गेली. 4096 ची मर्यादा फाइलसिस्टीमवर नाही, फक्त एका विनंतीवर आहे. टप्प्याटप्प्याने आत शिरत गेल्यास त्याहून खोल डिरेक्टऱ्या सहज तयार होतात, आणि मग संपूर्ण पाथ एकदम मागणाऱ्या प्रोग्रॅमांची फे फे उडते. विंडोजशी तुलना करता मात्र हे सुखच म्हणायचे. तिथे 260 अक्षरांची जुनी मर्यादा अजूनही अनेक प्रोग्रॅमांना बांधून ठेवते, आणि ती ओलांडण्यासाठी विंडोज 10 च्या 1607 आवृत्तीपासून यंत्रावर एक सेटिंग व प्रोग्रॅममध्ये एक घोषणा, अशा दोन्ही गोष्टी लागतात. शिवाय सीओएन, एनयूएल असली राखीव नावे आणि नावाच्या शेवटचे टिंब गुपचूप खाऊन टाकण्याची सवय आहेच.

दोन टिंबांचा प्रश्न मात्र लिनक्समध्येही समाधानकारक सुटलेला नाही. कर्नलच्या दृष्टीने दोन टिंबे म्हणजे ‘आता प्रत्यक्षात आहे त्या डिरेक्टरीची आई’. आपण सिमलिंकवरून आलो असलो तर ही आई ज्या वाटेने आलो त्या वाटेवर नसते. समजा ‘/कामे/दुवा’ ही सिमलिंक ‘/साठा/जुने/2019’ कडे नेते. शेलमध्ये ‘सीडी /कामे/दुवा’ करून नंतर ‘सीडी’ला दोन टिंबे दिली तर आपण ‘/कामे’मध्ये परततो, कारण शेल आलेली वाट लक्षात ठेवतो आणि शब्दांवरून मागे येतो. त्याच ठिकाणाहून दोन टिंबे देऊन ‘एलएस’ चालवले तर मात्र ‘/साठा/जुने’मधली यादी येते, कारण तो प्रश्न कर्नलकडे गेला. एकाच खिडकीत, लागोपाठच्या दोन ओळींत, एकाच चिन्हाचे दोन अर्थ. विंडोज दोन टिंबे शब्दांच्या पातळीवरच, कर्नलकडे जाण्याआधी, छाटून टाकते. प्लॅन 9 या ऑपरेटिंग सिस्टीमने सिमलिंकच ठेवल्या नाहीत आणि शब्दांचा अर्थ प्रमाण मानला. दोन्हींत निदान एकवाक्यता आहे. लिनक्सवर शेलला ‘-पी’ हा पर्याय देऊन कर्नलच्या बाजूला आणता येते, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी तो वापरावा.

सर्वांत मोठी तक्रार मात्र त्रुटीसंदेशांची. आठ घटकांचा पाथ दिला आणि उत्तर आले ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’, तर आठांपैकी नेमका कोणता घटक नाही, याबाबत कर्नल ताकास तूर लागू देत नाही. परवानगी नाकारली तरी तेच: कोणत्या डिरेक्टरीवर एक्झिक्यूट बिट नाही ते आपण शोधायचे. ही माहिती चालणाऱ्याच्या हातात त्या क्षणी असते. ती परत देण्यासाठी सिस्टीम कॉलच्या उत्तरात एका आकड्यापलीकडे जागा ठेवलेली नाही, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या रचनेचे ओझे आहे. सुरक्षेचे कारणही पुढे केले जाते, की जिथे डोकावण्याचा हक्क नाही तिथली माहिती फुटू नये. परंतु ज्या घटकापर्यंत विचारणाऱ्याला जाण्याचा हक्क होता तिथपर्यंतचा हिशेब देण्यात काही फुटत नाही, कारण तोच हिशेब तो स्वतः एकेक घटक तपासून काढू शकतो. स्क्रिप्ट चालवताना तर गोंधळ आणखी वाढतो. स्क्रिप्टची फाइल डोळ्यांसमोर असते, तरी ‘अशी फाइल नाही’ हेच उत्तर येते, कारण सापडलेला नसतो तो तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची एक अदृश्य खूण, कॅरेज रिटर्न, राहून जाते, कर्नल ती इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजते, आणि तसल्या नावाचा इंटरप्रिटर जगात कुठेच नसतो. बॅश हा शेल आपल्या परीने थोडा खुलासा करतो. कर्नल करत नाही.

यावरचा उतारा यूटिल-लिनक्स संचातली ‘नेमआय’ ही छोटी कमांड आहे, आणि ती जितक्या लोकांना माहीत असायला हवी तितक्यांना नाही. ‘-एल’ हा पर्याय आणि पाथ दिला की ती प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीवर मांडते: डिरेक्टरी आहे की सिमलिंक, परवानग्या काय, मालक कोण, गट कोणता. सिमलिंक आली तर तिच्या पोटातली वाट थोडी आत सरकवून दाखवते, ‘-एक्स’ दिल्यास माउंटच्या जागी वेगळे अक्षर छापते, आणि जिथे गाडी अडते त्या घटकासमोरच त्रुटी लिहिते. कर्नलने जे सांगायचे टाळले ते सगळे एका पडद्यावर येते. परवानगीच्या तक्रारी सोडवणाऱ्याने बाकी काही करण्याआधी ही कमांड चालवावी.

उलट दिशेची सेवा, म्हणजे उघड्या फाइलवरून तिचा पाथ सांगणे, ही तर नावापुरतीच आहे. एका इनोडला अनेक नावे असू शकतात किंवा एकही नसू शकते, त्यामुळे खात्रीचे उत्तर असूच शकत नाही हे मान्य. पण फाइल पुसली गेली असेल तर ‘/प्रॉक’मधून (कर्नल स्वतःची माहिती जिथे दाखवते तिथून) मिळणाऱ्या पाथच्या शेवटी कंसातला एक इंग्रजी शब्द नुसता मजकूर म्हणून चिकटवला जातो, आणि खरोखरच तसे नाव असलेली फाइल व पुसलेली फाइल यांत त्या मजकुरावरून फरक करता येत नाही. ही निव्वळ हलगर्जी आहे.

आता सुरक्षेकडे वळू, कारण या उत्पादनाची जुनी आवृत्ती सोडून नवी वापरण्याचे खरे कारण तिथे आहे. पाथ ही ओळ आहे, वस्तू नव्हे. ती दोनदा दिली तर दोनदा चालावे लागते आणि दोन चालींच्या मध्ये जग बदलू शकते. प्रोग्रॅमने आधी ‘ही फाइल वाचायचा हक्क आहे का’ असे विचारले आणि मग ती उघडली, तर मधल्या क्षणात कुणी तिथे सिमलिंक आणून ठेवली की तपासणी एका फाइलची आणि वाचन दुसरीचे. सर्वांना लिहिता येणाऱ्या तात्पुरत्या डिरेक्टऱ्यांमधला असा खोडसाळपणा रोखायला 2012 च्या 3.6 आवृत्तीत एक संरक्षण आले: स्टिकी बिट (इतरांच्या फाइली पुसू न देणारी खूण) असलेल्या अशा डिरेक्टरीत दुसऱ्याने ठेवलेली सिमलिंक, ती त्या डिरेक्टरीच्याच मालकाची नसेल तर, ओलांडू दिली जात नाही. ‘सिमलिंक ओलांडू नकोस’ असे सांगणारा ओ-नोफॉलो हा ध्वज (कॉलसोबत दिलेली सूचना) जुनाच आहे, पण तो केवळ शेवटच्या घटकाला लागू होतो. मधल्या घटकांत सिमलिंक असली तर तो डोळे मिटून घेतो. पोसिक्स या युनिक्ससदृश सिस्टीमींच्या मानकाच्या 2008 च्या आवृत्तीत समाविष्ट झालेल्या ओपनॲट कॉलने उघडून हातात धरलेल्या डिरेक्टरीपासून चालणे शक्य केले, त्यामुळे वरच्या वाटेत कुणी कितीही ढवळाढवळ केली तरी फरक पडत नाही. खालच्या वाटेचे मात्र संरक्षण झाले नाही.

हे संरक्षण 2020 च्या 5.6 आवृत्तीत आलेल्या, अलेक्सा सराई यांनी लिहिलेल्या ओपनॲट2 या कॉलने दिले. त्याची चाचणी घेण्यासाठी संग्रह फाइल (झिप, टार यांसारखी) सोडवणाऱ्या प्रोग्रॅमचे उदाहरण उत्तम. संग्रहात आधी ‘दुवा’ नावाची सिमलिंक ठेवलेली असते, जी ‘/बाहेर’ या डिरेक्टरीकडे नेते, आणि तिच्यामागून ‘दुवा/नोंद’ नावाची फाइल येते. नावांत दोन टिंबे नाहीत, आरंभी तिरपी रेघ नाही. शब्द तपासून पाहणारा प्रोग्रॅम दोन्ही नावे निर्धास्त मान्य करतो आणि ‘नोंद’ ही फाइल ठरलेल्या डिरेक्टरीबाहेर लिहिली जाते. तीच विनंती ओपनॲट2 ला ‘याच डिरेक्टरीच्या आत राहा’ अशा अर्थाच्या रिझॉल्व्ह-बिनीथ ध्वजासह दिली, तर चाल ‘दुवा’पाशी पोचते, सिमलिंकची वाट मूळ डिरेक्टरीपासून सुरू होताना दिसते, आणि कर्नल ईएक्सडेव्ह ही त्रुटी देऊन तिथेच थांबते. फाइल तयार होत नाही. शब्द तपासण्याची सगळी कसरत अनावश्यक ठरते, कारण निर्णय चालणारा घेतो, आणि तो चालता चालता घेतो. दुसरा ध्वज दिलेल्या डिरेक्टरीलाच मूळ मानून चालतो, तिसरा एकही सिमलिंक ओलांडत नाही, चौथा दुसऱ्या माउंटवर पाऊल टाकत नाही, पाचवा ‘/प्रॉक’मधल्या जादुई दुव्यांना (पाथवरून न चालता थेट वस्तूकडे नेणाऱ्या दुव्यांना) नकार देतो. नंतर 5.12 मध्ये ‘मेमरीत असेल तरच उघड, नाहीतर लगेच नाही म्हण’ असा आणखी एक ध्वज आला. अनोळखी ध्वज दिला तर जुना ओपन कॉल तो मुकाट्याने दुर्लक्षित करतो, हा नवा कॉल मात्र स्पष्ट त्रुटी देतो. इतकी वर्षे ज्यांनी या मौनामुळे डोके आपटून घेतले आहे, त्यांना याचे मोल कळेल.

ओपनॲट2 निर्दोष नाही. ग्लिबसी या लिनक्सवरच्या प्रमुख सी लायब्ररीमध्ये त्याचे वेष्टन बरीच वर्षे नव्हते, त्यामुळे सिस्टीम कॉलचा क्रमांक देऊन तो थेट हाकारावा लागे, आणि जे हाताने करावे लागते ते बहुतेक जण करतच नाहीत. ध्वज एका संरचनेत घालून तिचा पत्ता दिला जातो, आणि सेककॉम्पचे (प्रोग्रॅमला कोणते कॉल करू द्यायचे हे ठरवणाऱ्या सोयीचे) गाळणे पत्त्याच्या पलीकडे वाचू शकत नाही. साहजिकच काही सँडबॉक्स (प्रोग्रॅमला मर्यादेत कोंडणाऱ्या रचना) हा कॉल सरसकट बंद ठेवतात. शिवाय दोन टिंबे ओलांडताना कुणी डिरेक्टरी हलवली आणि आपण मर्यादेबाहेर गेलो नाही याची खात्री कर्नलला देता आली नाही, तर ते ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे उत्तर देते. ते प्रामाणिक आहे, पण किती वेळा पुन्हा करायचे हे ठरवण्याचे लचांड लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडते.

शिफारस द्यायची तर अशी. परक्याने दिलेली नावे उघडणारे जे जे प्रोग्रॅम आहेत, म्हणजे फाइल सर्व्हर, संग्रह सोडवणारे, कंटेनर चालवणारे, त्यांनी ओपनॲट2 शिवाय राहू नये. कॉल उपलब्ध नसेल तर प्रत्येक घटक ओ-पाथ आणि ओ-नोफॉलो या ध्वजांनी स्वतंत्रपणे उघडत स्वतःच चालावे. घटकागणिक एक कॉल लागल्याने हे संथ पडते, आणि सिमलिंक ओलांडण्याचे नियम आपल्यालाच लिहावे लागतात, पण शब्द तपासून भागवण्यापेक्षा ते शतपटीने बरे. गो भाषेत लिहिणाऱ्यांना 1.24 आवृत्तीपासून ‘ओएस.रूट’ हा प्रकार तयार मिळतो, तो घ्यावा. बाकीच्यांनी फाइल एकदाच उघडावी, मिळालेला डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) हाती धरून ठेवावा, आणि पुढची सगळी चौकशी, म्हणजे आकार, मालक, परवानग्या, ही पाथ पुन्हा न देता त्या डिस्क्रिप्टरवरच करावी.